घोट्यावरचा पॅड आणि लघवीची वही

मी कळव्यात राहते, खारेगावच्या बाजूला, बैठ्या चाळीत. धंदा ब्लाउज शिवायचा. २०१९ च्या मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी ताडपत्री टाकायला पत्र्यावर चढले. पत्रा सडलेला होता, पाय आत गेला आणि मी खालच्या ओट्याच्या कडेवर पाठीवर आपटले. पाठीचा दहावा मणका फुटला. कागदावर लिहिलं 'डी-१०, इनकम्प्लीट', म्हणजे मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही, काही निरोप अजून जातात-येतात. आज वॉकर धरून मोरीपर्यंत जाते, बाहेर व्हीलचेअर.

पडल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "चालता येईल ना परत?" लघवीचं काय, शीचं काय, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी आपण सांगत नाही. मला स्वतःला त्या पहिल्या वर्षी चालण्यापेक्षा कोरड्या चादरीची जास्त ओढ होती. म्हणून हे लिहितेय. घोट्यावर पॅड लावून विजेच्या हलक्या झटक्यांनी मूत्राशय शांत करायचा जो उपाय आहे तो मी तीन वर्षं घरी करते आहे. तो कुणासाठी आहे, कसा करायचा, कधी सोडून द्यायचा, हे सगळं सांगते. मी डॉक्टर नाही. मशीन हातात घेण्याआधी तुमच्या युरॉलॉजिस्टना आणि फिजिओना विचारा, आणि का विचारायचं ते पुढे कळेलच.

आधी बटवा समजून घ्या

मूत्राशय म्हणजे नाडीचा बटवा समजा. भरत जातो तोवर बटवा सैल आणि नाडी आवळलेली. लघवी करायची तेव्हा बटवा आवळतो आणि नाडी सुटते. हे दोन्ही एका तालात होण्यासाठी मेंदूचा हुकूम लागतो. मज्जारज्जूला वरच्या बाजूला मार लागला की हुकूम खाली नीट पोचत नाही. मग बटवा थोडा भरला तरी स्वतःच आवळायला लागतो, आणि वाईट म्हणजे त्याच वेळी नाडीही घट्ट होते. आतला दाब वाढतो, लघवी थोडी बाहेर गळते आणि दाब मूत्रपिंडांकडे उलटा चढतो. गळती दिसते, म्हणून आपण गळतीलाच रडतो. मूत्रपिंडाचं नुकसान दिसत नाही.

दुसरा प्रकार उलटा. मार अगदी खाली, मज्जारज्जूच्या शेंड्याला किंवा त्याच्या खालच्या नसांच्या जुडग्याला लागला असेल, तर बटवा सैल पडतो. आवळतच नाही, नुसता भरून सांडतो. शीच्या बाबतीतही असंच: वरच्या माराला आतडं आपल्या लहरीने काम करतं, खालच्या माराला गुदद्वार सैलच राहतं.

घोट्यावरचा पॅड हा भडकलेल्या बटव्यासाठी आहे. सैल पडलेल्यासाठी नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी माझं ऐकून मशीन घेतलं. त्यांचा मार कमरेच्या पहिल्या मणक्याशी, बटवा सैल. सहा महिने पॅड लावले, फरक शून्य, आणि वर माझ्यावर राग. म्हणून पहिला प्रश्न डॉक्टरना हाच विचारा: माझा बटवा भडकलेला की सैल?

याचं खात्रीचं उत्तर युरोडायनॅमिक्स तपासणीत मिळतं. एक बारीक नळी मूत्राशयात, एक गुदद्वारात, मग हळूहळू पाणी भरत दाब मोजतात. अर्धा-पाऊण तास जातो. लाज वाटते, दुखत फारसं नाही. कागदावर दोन आकडे बघा: किती मिलिलिटरला आवळायला लागला, आणि तेव्हा दाब किती. भरतानाचा दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर जात असेल तर मूत्रपिंडाला धोका मानतात. माझा १८० मिलिलिटरलाच ५२ वर गेला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझा प्रश्न चादरीचा नव्हताच.

वही, मशीनच्या आधी

माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावणारा टेलर तुम्ही पाहिलाय का? तरी मी स्वतः पहिलं मशीन आणलं ते माप न घेता. महिनाभर लावलं आणि मग फिजिओताईंनी विचारलं, "किती फरक?" मी म्हटलं, "बरं वाटतंय." त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय म्हणजे किती मिलिलिटर?" गप्प बसले. तो महिना वाया गेला.

तेव्हा आधी निदान तीन दिवस, जमलं तर आठवडाभर, वही. मी शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि ब्लाउजच्या मापांसारखे रकाने आखले: वेळ, किती प्यायले, नळीने किती निघालं, मध्ये गळती झाली का, घाई वाटली का, शी कधी आणि कशी. पाणी, चहा, ताक, आमटीसुद्धा वाटीने मोजून. लघवी मोजायला खुणा असलेला प्लास्टिकचा मग, तो फक्त त्याच कामाचा.

गळती मोजायची युक्ती सांगते. गळती शोषणारा पॅड (घोट्यावरचा नव्हे) कोरडा असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, मग ओला झालेला पिशवीत घालून तोला. जितके ग्रॅम जास्त, साधारण तितके मिलिलिटर. सासूबाईंना हे पटेना, म्हणून दुसरा काटा आणला. तोही आता कपाटात वहीशेजारी असतो.

नळीबद्दल दोन शब्द, कारण नळीशिवाय बाकी सगळं फुकट आहे. दर चार तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करणं हा पाया. एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर साठू द्यायचं नाही. जास्त निघत असेल तर वेळ कमी करा, पाणी बंद करू नका. अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, स्वच्छ हात आणि पाळलेली वेळ पुरते. चाळीतल्या मोरीत राहणाऱ्या बाईला हे ऐकून किती धीर येतो ते मला विचारा. बायकांना सुरुवातीला जागा सापडत नाही. मी पायांमध्ये छोटा आरसा ठेवून शिकले, दोन महिन्यांत बोटाच्या अंदाजाने जमायला लागलं. मला एका रुग्णालयात तीन महिने कायमची नळी घालून ठेवली होती आणि अधूनमधून नळी घालायचं कुणी शिकवलंच नाही. तेवढ्या काळात चार वेळा ताप आला. घरी पाठवायच्या आधी शिकवा म्हणून हट्ट धरा.

वही सुरू करण्याआधी लघवीची कल्चर तपासणी करून घ्या. जंतुसंसर्ग असेल तर बटवा तसाही भडकतो आणि मग कुठलंच माप खरं येत नाही.

घोटाच का

मलाही हसू आलं होतं. लघवी इथे, पॅड तिथे? पण घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस वर कमरेत जाते आणि तिची मुळं कमरेच्या चौथ्या ते त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या, तिसऱ्या पातळीपर्यंत असतात. मूत्राशय आणि गुदद्वार सांभाळणारी मुळं त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या पातळीवर. म्हणजे मधली दोन सामाईक. एकाच रिळाचे दोन धागे. खालचा धागा हलकेच हलवत राहिलं की वरच्या गाठीचा ताण थोडा कमी होतो. हा झाला माझा टेलरी अर्थ. एडवर्ड मॅकग्वायर यांनी १९८३ मध्ये या नसेवर त्वचेवरून वीज देऊन मूत्राशय शांत होतं असं मांडलं, आणि जागा निवडताना चिनी ॲक्युपंक्चरचा बिंदू डोळ्यांसमोर ठेवला होता. आमच्या शेजारच्या आजींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "बघ, मी सांगत होते ना, पायात सगळं आहे." त्यांना आता थांबवता येत नाही.

हे करायच्या दोन पद्धती. दवाखान्यात केसासारखी बारीक सुई घोट्याच्या आतल्या हाडाच्या वर तीन बोटं, साधारण ५ सेंटिमीटर, टोचतात. आठवड्यातून एकदा ३० मिनिटं, असे १२ आठवडे. दुसरी पद्धत घरची, सुईऐवजी चिकट पॅड आणि टेन्स मशीन, म्हणजे कातडीवरून विजेचे हलके झटके देणारं छोटं यंत्र. कळव्याहून दर आठवड्याला रिक्षा, मग ठाण्याला उतरून पुन्हा रिक्षा, आणि पावसात विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की सगळंच रद्द. मी पॅडच निवडले.

मशीन घेताना एक चूक टाळा. माझं पहिलं मशीन दुकानदाराने 'सगळ्या दुखण्यांवर चालतं' म्हणून दिलं. त्यावर आकडेच नव्हते, नुसती चित्रं: खांदा, गुडघा, कंबर. असलं घेऊ नका. ज्यावर हर्ट्झ (सेकंदाला किती झटके) आणि मायक्रोसेकंद (एक झटका किती वेळाचा) वेगवेगळे लावता येतात तेच हवं. दुसरं मशीन २,८०० रुपयांना पडलं, नऊ व्होल्टच्या सेलवर चालतं, तीन गोल बटणं आणि एक मोड निवडायचा खटका.

लावायची रीत

पहिली दोन-तीन सत्रं फिजिओसमोर करा. मी त्यांच्यासमोर केलं, त्यांनी जागा ठरवली आणि मी टेलरच्या खडूने खूण केली. घरी येईपर्यंत ती पुसली गेली, ती गोष्ट वेगळी. आता टेपने मापते.

पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. तेल, क्रीम काही नको. सासूबाई रात्री प्रेमाने खोबरेल चोळायच्या आणि दुसऱ्या दिवशी पॅड चिकटायचाच नाही. आता चोळणं पॅडनंतर असं ठरलंय.

एक पॅड घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे, टाच आणि हाड यांच्या मधल्या खोलगट जागेत. दुसरा त्याच रेषेत वर १० सेंटिमीटर, माझ्या भाषेत चार इंच. काळ्या वायरचा, म्हणजे निगेटिव्ह, पॅड खाली घोट्याशी. एकच पाय पुरतो. माझ्या उजव्या पायाची बोटं लवकर हलतात म्हणून मी उजवाच घेते.

मोडचा खटका 'एन' वर, म्हणजे सलग. 'बी' आणि 'एम' वर नाही. वारंवारता २० हर्ट्झ. पल्सची रुंदी २०० मायक्रोसेकंद. वेळ ३० मिनिटं. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठे लिहून ठेवा. माझी लेक एकदा खेळता खेळता बटणं फिरवून गेली आणि चार दिवस मी भलत्याच आकड्यांवर लावत होते.

आता ताकद. शून्यापासून हळूहळू वाढवा. तळव्यात मुंग्या येतील, नाही तर अंगठा खाली वाकेल, बोटं फडफडतील. बोटं हलली म्हणजे नस सापडली. तिथून ताकद किंचित कमी करा, हलणं नुकतंच थांबेल इतकी, आणि तिथेच राहू द्या. काहीच हललं नाही तर पॅड अर्धा इंच सरकवून बघा. ताकद वाढवत सुटू नका. आपल्या पायाला संवेदना कमी असतात, भाजलं तरी कळत नाही. चालत्या माणसाला लिहिलेल्या सूचना 'सहन होईल तितकं वाढवा' म्हणतात, त्या आपल्यासाठी नाहीत. मशीन काढल्यावर पॅडखालची कातडी डोळ्यांनी बघा. थोडा लालसरपणा अर्ध्या तासात जायला हवा. नाही गेला, फोड आला, तर बंद.

पोटात बाळ असेल, हृदयात पेसमेकर असेल, त्या पायात रक्ताची गाठ असेल किंवा पोटरी अचानक सुजली असेल, त्या जागी जखम असेल, तर हे करूच नका. फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरना आधी सांगा. माझ्या पाठीत रॉड आणि स्क्रू आहेत. पॅड घोट्यावर असल्याने चालेल असं माझ्या सर्जननी सांगितलं, पण तुमच्या सर्जनना तुम्ही विचारा.

पॅडची किंमत मशीनपेक्षा जास्त होते, हे कुणी सांगत नाही. एक जोडी माझ्याकडे वीसेक वेळा टिकते. ठाण्याच्या पावसाळी हवेत लवकर मरते. वापरल्यावर प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा, आणि सुकल्यासारखा वाटला तर पाण्याचा एक थेंब बोटाने पसरवा.

मी दुपारी तीनला लावते. अर्धा तास एका साडीचा अर्धा फॉल लावायला पुरतो, उरलेला फॉल पॅड काढल्यावर.

मानेचा किंवा वरच्या पाठीचा मार असेल तर थांबा

हा भाग घाईने वाचू नका. मार छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल तर शरीराच्या खालच्या भागातला कुठलाही त्रास, भरलेलं मूत्राशय, तटलेलं पोट, घट्ट पट्टा, किंवा विजेचा झटकासुद्धा, रक्तदाब एकदम चढवू शकतो. आमच्या फिजिओच्या खोलीत हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. मानेच्या सहाव्या मणक्याचा मार असलेला तरुण मुलगा, बाइकवरून पडलेला. पॅड लावून दहा मिनिटं झाली आणि तो म्हणाला, "डोकं फुटतंय." चेहरा लाल, कपाळावर घाम, अंगावर काटा. फिजिओताईंनी मशीन बंद केलं, पाठ उभी केली, पाय खाली सोडले, पँटचा पट्टा सैल केला आणि नळी तपासली. नळीला पीळ पडला होता. पीळ काढला, पिशवी भरली, दहा मिनिटांत डोकं शांत. म्हणजे गुन्हेगार मशीन नव्हतं, पीळ होता. पण दोन्ही एकत्र नसते तर बरं झालं असतं.

ही पायरी घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी: मशीन बंद, बसतं करा, कपडे सैल, नळी आणि मूत्राशय तपासा, मग पोट तटलंय का ते बघा, दर काही मिनिटांनी रक्तदाब घ्या. या लोकांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असतो, त्यामुळे १३०, १४० सुद्धा त्यांच्यासाठी धोक्याचा. कारण सापडत नसेल आणि वरचा आकडा १५० च्या वर राहत असेल तर थेट रुग्णालय. पहिली सत्रं घरी नकोतच.

बारा आठवडे, मग हिशेब

पहिल्या महिन्यात काही होत नाही. तेव्हाच बहुतेक जण सोडतात. मी सहाव्या आठवड्यात वही बघितली तेव्हा रात्रीची गळती थोडी कमी होती, दिवसाची तशीच. बाराव्या आठवड्यात पुन्हा तीन दिवसांचं पूर्ण माप घेतलं. आधी दिवसाला चार-पाच गळत्या, आता एक-दोन. आधी चार तासांनी नळीने दोनशेच्या आसपास निघायचं, कारण उरलेलं गळून गेलेलं असायचं. आता तीनशेच्या वर. त्यानंतरच्या युरोडायनॅमिक्समध्ये ३१० मिलिलिटरला दाब ३०.

हे नुसत्या पॅडने झालं असं मी म्हणणार नाही. मूत्राशय शांत करायची गोळी चालू होती, नळीची वेळही मी याच काळात काटेकोर पाळायला लागले. कशाचा किती वाटा ते मला सांगता येत नाही. बारा आठवड्यांनंतर वहीत काहीच हललं नसेल तर मशीन बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी पुढचं बोला: गोळी बदलणं, किंवा मूत्राशयाच्या स्नायूत बोटॉक्सची सुई, जी अशा रुग्णांना साधारण २०० युनिटची देतात आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते. पॅड हरला म्हणजे तुम्ही हरलात असं नाही.

एक कळकळीची गोष्ट: गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गळती थांबली तरी आतला दाब तसाच असू शकतो. आकडा बघूनच डॉक्टर डोस ठरवतात.

शीचं

शीसाठी मला या मशीनने सरळ फायदा झालेला नाही. घोट्यावरच्या सुईची ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, शी सुटणाऱ्या २२७ मोठ्या माणसांवर, आणि २०१५ मध्ये निकाल आला की खोट्या सुईपेक्षा ती ठळकपणे सरस ठरली नाही. ती चाचणी मुख्यतः मणक्याच्या रुग्णांसाठी नव्हती, पण मशीनवाल्याने 'दोन्ही कामं होतील' म्हटलं तर खिशात हात घालण्याआधी हे आठवा.

मला फायदा आडवळणाने झाला. मूत्राशय शांत करणारी जी गोळी मी घेत होते तिने तोंड कोरडं पडायचं आणि पोट बांधून यायचं. दुसऱ्या तपासणीनंतर डॉक्टरांनी डोस निम्मा केला. शीचा खडा गेला. पोट हलकं झालं की मूत्राशयावरचा दाबही कमी होतो, तेव्हा लघवीला आणखी थोडं बरं.

बाकी शीचं गणित वेळेचं आहे. जेवण किंवा गरम चहा घेतल्यावर वीस-तीस मिनिटांनी आतड्याला आपोआप जाग येते, तीच वेळ पकडायची. माझ्यासारख्या वरच्या माराला: सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची औषधाची कांडी, पंधरा-वीस मिनिटं थांबणं, मग हातमोजा, भरपूर जेली आणि एक बोट हळूच गोल फिरवणं, काही सेकंदच. मग थांबायचं, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. बसता येत नसेल तर डाव्या कुशीवर. नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली हवी. माझे दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळच्या चहानंतर. नवरा त्या वेळी बाहेर पेपर वाचत बसतो आणि दाराशी कुणी आलं तर "ताई पूजेला बसल्यात" असं सांगतो. आता शेजारीपाजारी मला फार भाविक समजतात. आतडं सैल पडलेल्यांना बोट फिरवून उपयोग नाही, त्यांना हाताने काढावी लागते, शक्यतो रोज.

शरीरात बसवायच्या यंत्रांबद्दल

थोडक्यात, कारण मी बसवलेलं नाही. त्रिकास्थीच्या तिसऱ्या छिद्रातून नसेशेजारी बारीक तार आणि नितंबाच्या वर कातडीखाली बॅटरी, हे एक. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला परवानगी मिळाली, पण ती अचानक घाई होऊन लघवी सुटणाऱ्या इतर रुग्णांसाठी. मणक्याच्या रुग्णांत अपुऱ्या माराच्या लोकांना ते जास्त लागू पडतं. चांगली गोष्ट ही की आधी तात्पुरती तार घालून आठवडा-दोन आठवडे बघतात, वहीतली लक्षणं निम्म्याने तरी कमी झाली तरच कायमचं बसवतात. इथेही वही लागतेच. बॅटरी बदलायची की चार्ज करायची, किती वर्षांची, आणि पुढे एमआरआय करता येईल का, हे तीन प्रश्न सही करण्याआधी विचारा. आपल्यासारख्यांना एमआरआय पुन्हा पुन्हा लागतो.

दुसरं ब्रिंडली यांचं यंत्र. लंडनच्या जाइल्स ब्रिंडली यांनी १९७० च्या दशकात त्यावर काम केलं. ते मूत्राशय शांत करायला नाही, बटण दाबून रिकामं करायला असतं, आणि शीलाही मदत होते. पूर्ण माराच्या रुग्णांसाठीच, आणि त्यासाठी बहुतेकदा मागच्या बाजूची संवेदनेची मुळं कापतात. ती परत जुळत नाहीत. थोडी जाणीव उरलेली असेल तर ती जाते, पुरुषांचा आपोआप येणारा ताठरपणा जातो. हे सगळं नीट सांगणारा सर्जन मिळाल्याशिवाय 'हो' म्हणू नका. माझी जाणीव उरलेली आहे, म्हणून मी त्या वाटेला गेलेच नाही.

पहिलं मत कुठे घ्यायचं? हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. मणक्यानंतरचं आयुष्य बसवायला शिकवणारी जुनी जागा. सोबत वही, युरोडायनॅमिक्सचा कागद, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्ट आणि युडीआयडी, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, असू द्या. लोकलने जायचं असेल तर निघण्याआधी नळी घाला आणि चार तासांचा हिशेब ठेवा. मी ठाण्याला लिफ्टपाशी एकदा इतकी थांबले की हिशेबच चुकला. तेव्हापासून पिशवीत एक जादा परकर, दोन नळ्या आणि साबणाची बाटली.

आता मी आठवड्यातून तीनदाच लावते. रोजचं बंद केल्यावर महिनाभर वही पुन्हा भरून बघितली, गळती वाढली नाही. दर सहा महिन्यांनी तीन दिवसांचं माप आणि वर्षातून एकदा सोनोग्राफी चालूच आहे. सेल मात्र दोन महिन्यांत उतरतो, आणि उतरताना ताकद हळूहळू कमी होते, त्यामुळे बोटं हलेनाशी झाली की पॅडला दोष देण्याआधी सेल बदला.